अमेरिकेचा दाखला देण्याआधी

दहावी-बारावीच्या खेळाडूंना मिळणाऱ्या वाढीव गुणांवरून घरच्या ग्रुपवर पुन्हा जुंपली आहे. गुण ठेवा की काढा, यात मी पडत नाही. डोकं फिरतं ते एका वाक्याने: ‘अमेरिकेत बघा, पहिल्यापासून विद्यापीठच खेळ चालवतं, म्हणून तिथे शिस्त आहे.’ मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो, म्हणून हे माझ्या तोंडावर फेकलं जातं.

पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? १ जुलै १८५९ रोजी इथल्याच पिट्सफील्डला अ‍ॅमहर्स्ट आणि विल्यम्स या कॉलेजांत बेसबॉलचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला. अ‍ॅमहर्स्टचा संघ पोरांनीच मतदानाने निवडला. एकेका बाजूला तेरा जण, चेंडू ज्याचा त्याचा. पळणाऱ्याला चेंडू फेकून मारला की तो बाद, आणि एक बाद की अख्खा डाव संपला. अ‍ॅमहर्स्ट ७३-३२ ने जिंकलं. जोडीला बुद्धिबळाचा सामना होता, तोही त्यांनीच मारला. शिस्तीचं म्हणाल तर अ‍ॅमहर्स्टचा चेंडू टाकणारा हा विद्यार्थी नसून पैसे देऊन आणलेला लोहार आहे, अशी कुजबूज तेव्हाच उठली होती. खरंखोटं सोडा, संशय पहिल्याच सामन्यापासून आहे.

पोरांच्या हाती कारभार असला की काय होतं, ते १८७७ च्या हार्वर्डमध्ये बघावं. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, तेव्हा ४५ फुटांवरून, हात कंबरेखाली ठेवून चेंडू टाकायचा. पण कॉलेजांत वळणारा चेंडू येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. कॅचर, म्हणजे बॅटरमागचा चेंडू झेलणारा, उघड्या चेहऱ्याने मागे उभा. तो लांब राहिला तर बेसवरचा (धावेच्या वाटेवरच्या टप्प्यावरचा) गडी पुढचा बेस आरामात चोरतो, म्हणजे चेंडू टाकला जात असतानाच तिथे पळतो; आणि तिसरा स्ट्राइक, म्हणजे बॅटरला बाद करणारा तिसरा हुकलेला चेंडू, हातातून सुटला तर बॅटर पहिल्या बेसकडे पळत सुटतो. जवळ यावं तर बॅटची कड घेऊन चेंडू थेट दातांवर. कॅप्टन फ्रेड थेअरने तलवारबाजीचा मुखवटा घेतला. त्याची बारीक जाळी चेंडूने आत दबली असती, म्हणून एका पत्रेवाल्याकडून जाड तारांचा पिंजरा करून घेतला: दिसावं म्हणून तारांत अंतर, मार झेलायला कपाळ आणि हनुवटीपाशी गादी. जेम्स टिंगने तो घालून सामना खेळला, लोक हसले, आणि १८७८ ला थेअरला पेटंट मिळालं. कॅचर बॅटच्या मागे सरकला तसा पिचरही बिनधास्त झाला. यात क्रीडा संचालक कुठे आला? आपल्याकडे त्याच्या सहीशिवाय नेटची किल्ली मिळत नाही.

प्राध्यापक आले ते नंतर, आणि आले ते लगाम घालायला. बाहेरगावच्या सामन्यांपायी तास बुडायला लागले, धंदेवाईक संघांशी गाठी पडायला लागल्या, तेव्हा १८८२ मध्ये हार्वर्डने प्राध्यापकांची समिती नेमली. शिस्त लागली म्हणता? उन्हाळ्यात समुद्रकाठची हॉटेलं कॉलेजचे पिचर ठेवायची: कागदावर वेटर किंवा कारकून, काम सामने जिंकून देण्याचं. ‘आम्ही हौशी, पैशासाठी खेळत नाही’ म्हणत पोरं सप्टेंबरला वर्गात परत. ग्रुपवरच्या काकांना हे लिहिलं, तर उत्तर आलं, ‘तुला आता तिकडचंच चांगलं दिसणार.’ मी तिकडचं वाईट सांगत होतो!

राग त्याचाच आहे, कबूल. तिथे मी अमेरिकेचा वकील, आणि इथे एप्रिलच्या गारठ्यात कॉलेजच्या सामन्याला जाऊन बसलं की शेजारचा मला क्रिकेट समजावून सांगायला लावतो. थेअरचं नाव त्याला ठाऊक नसतं. मीही सांगत नाही, आगाऊपणा वाटेल.

तरीही मुद्दा सोडत नाही. १८९८ मध्ये ब्राउन विद्यापीठाने कॉलेजच्या संघात कोणाला खेळता येईल, या पात्रतेचे नियम ठरवायला पूर्वेकडच्या बड्या विद्यापीठांना प्रॉव्हिडन्सला बोलावलं, ते हॉटेलांच्या या पैशाचा प्रश्न हाताबाहेर चालला होता म्हणून. येल त्या बैठकीला आलंच नाही.