‘सातच्या खाली सीजीपीए म्हणजे जर्मनी बंद’: फिरत्या संदेशाला उत्तर

गेल्या रविवारी भाचीने मला एक संदेश पुढे पाठवला आणि खाली विचारले, ‘मामा, मग मी अर्ज करूच नको का?’ अभियांत्रिकीच्या मुलांच्या गटांतून फिरणाऱ्या या संदेशात चार गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या आहेत: सीजीपीए (पदवीचे दहापैकी सरासरी गुण) सातच्या खाली असेल तर जर्मनीतले मास्टर्स विसरा, बॅकलॉग (राहिलेले विषय) असलेल्या सत्रांच्या गुणपत्रिका जोडू नका, फक्त शेवटची द्या, मोटिव्हेशन लेटरमध्ये (अर्जासोबतच्या, हा अभ्यासक्रम का हवा ते सांगणाऱ्या पत्रात) कमी गुणांबद्दल अवाक्षर काढू नका, आणि जीआरई ही प्रवेशपरीक्षा चांगली दिली की मागचे सगळे धुऊन निघते. भाची मेकॅनिकलची आहे, तिचा सीजीपीए 6.8 आहे आणि तिसऱ्या सत्रात तिचा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिला होता. असा संदेश वाचून तिची रात्रीची झोप उडाली, म्हणून हे लिहावे लागत आहे.

सर्वांत घातक सल्ला गुणपत्रिका दडवण्याचा आहे. भारतात शिकलेल्या विद्यार्थ्यांना जर्मन व्हिसासाठी 1 नोव्हेंबर 2022 पासून एपीएस या जर्मन पडताळणी कार्यालयाचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले आहे, आणि या कार्यालयाचे कामच मुळी शैक्षणिक कागदपत्रांचा खरेपणा तपासण्याचे आहे. तिथे सत्रागणिक गुणपत्रिका द्याव्या लागतात. जिथे कागद पडताळण्यासाठीच स्वतंत्र यंत्रणा उभी केली आहे, तिथे एक सत्र गाळून पाहा असे बावीस वर्षांच्या मुलीला सांगणाऱ्याने परिणामांचा विचार तरी केला आहे का? एकदा राहून पुढच्या प्रयत्नात सुटलेला विषय ही अभियांत्रिकीत रोजची गोष्ट आहे. माहिती दडवल्याचा ठपका मात्र सहजासहजी पुसला जात नाही.

आता सातच्या आकड्याकडे येऊ. जर्मन विद्यापीठे परदेशी गुण बहुधा सुधारित बव्हेरियन सूत्राने बदलून घेतात: कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि उत्तीर्ण होण्याचे किमान गुण यांच्या फरकाने भागायचे, तीनने गुणायचे आणि एक मिळवायचा. कमाल 10, किमान 4 आणि आपले 6.8 धरले तर उत्तर 2.6 येते. जर्मनीत 1.0 सर्वोत्तम आणि 4.0 म्हणजे काठावर पास, त्यामुळे 2.6 हा काही नापासाचा आकडा नव्हे. सूत्रात सातला काडीचेही विशेष स्थान नाही. एवढे मात्र मान्य करावे लागते की काही अभ्यासक्रमांनी 2.5 ची अट घातलेली असते आणि तिथे 2.6 वाल्याला दार बंदच असते. जागा मर्यादित असल्या की गुणांचे वजनही वाढते. पण म्हणून सगळा देश बंद होत नाही. प्रत्येक अभ्यासक्रमाची अट वेगळी असते आणि ती त्याच्या प्रवेश-नियमांत वाचायची असते. आपल्या पदवीतले विषय तिथल्या विषयांशी किती जुळतात, हेही अनेक ठिकाणी काटेकोरपणे तपासतात.

कमी गुणांबद्दल गप्प राहण्याचा सल्लाही चुकीचा आहे, कारण गुणपत्रिका समोर असताना मौनाचा अर्थ वाचणारा स्वतःच लावतो. भाचीने आधी वडिलांच्या आजारपणावर पानभर लिहिले होते. ते आम्ही तीन वाक्यांवर आणले. त्या सत्रात वडील रुग्णालयात होते आणि गणित राहिले. पुढच्या प्रयत्नात ते सुटले. त्यानंतर हीट ट्रान्सफरमध्ये चांगली श्रेणी मिळाली आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प त्याच विषयात केला. उरलेले पत्र तिला काय शिकायचे आहे याबद्दल आहे, आणि ते तसेच असायला हवे.

जीआरईबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. जिथे ती मागितली आहे तिथे जरूर द्यावी, पण जर्मनीतले कित्येक अभ्यासक्रम ती मागतच नाहीत, आणि 2.5 ची अट जिथे नियमातच लिहिली आहे तिथे जीआरईचे गुण 2.6 चे 2.5 करत नाहीत.

भाचीने आता तिच्या यादीतल्या प्रत्येक अभ्यासक्रमापुढे त्याची गुणांची अट लिहून काढली आहे. 2.5 वाले दोन खोडले. बाकीच्यांना ती अर्ज करते आहे, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिकांसह.