मटकीचा पुरावा

साताऱ्यात समर्थ मंदिराकडून बोगद्याकडं जाताना आण्णाची टपरी लागते. सकाळी मिसळ, संध्याकाळी नुसता चहा. शेजारच्या पाराला आम्ही कट्टा म्हणतो. गेल्या शनिवारी तिथं तासभर जो गोंधळ झाला तो एका कादंबरीवरून. नाव सांगत नाही, कारण पुढं मी शेवट फोडणार आहे.

गोष्ट खुनाची. घाटाखालच्या गावात एक सून विहिरीत सापडते. सासरचे म्हणतात, रात्रीत न सांगता निघून गेली, जीव दिला. तपासाला दोघी बाया : एक स्थानिक गुन्हे शाखेची पीआय, म्हणजे पोलीस निरीक्षक, दुसरी पुण्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतली. शुभाताईंनी पुस्तक नगर वाचनालयातून आणलं, मग गण्यानं दोन रात्रींत संपवलं, मग वकिलानं, मग मी. बापू रिटायर्ड हवालदार. त्यांनी ते वाचलंय की नाही याबद्दल कट्ट्यावर दोन मतं आहेत.

सुरुवात गण्यानं केली. "तीन गडी लोळवती ती पीआय शेवटी! त्यातला एक ऊसतोडीचा मुकादम. काय बी ल्ह्यायचं व्हय?"

"सिनेमातला हिरो वीस जण उडवतो तेव्हा शिट्ट्या कोण वाजवतं?" शुभाताई म्हणाल्या, आणि तो विषय तिथंच मिटला. दरवेळी असाच मिटतो.

वकिलाचं दुखणं वेगळं होतं. शेवटी सुनेच्या जावेला रात्री एक वाजता उचलून आणतात, ती ठाण्यात ढसाढसा रडते, सगळं कबूल करते, पुस्तक संपतं. "पोलिसापुढं दिलेल्या कबुलीला कोर्टात किंमत शून्य," वकील म्हणाला. "१८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून साक्ष अधिनियमात कलम २३ आलं. आकडा बदलला, गोष्ट तीच. आणि सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादालासुद्धा मॅजिस्ट्रेटची आधी लेखी परवानगी लागते. या मॅडमनी साधा फोनही केलेला नाही."

"पुरलेली बांगडी सापडली की तिच्या सांगण्यावरून," मी म्हणालो.

"तेवढंच टिकलं असतं! आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू निघाली तर तेवढा भाग पुराव्यात येतो. पण पंच घ्या, ती काय सांगते त्याचं लेखी मेमोरंडम करा, मग उकरा. ही बाई एकटीच टॉर्च घेऊन गेली आणि हातानं उकरली. माझ्याकडं जावेचं वकीलपत्र आलं ना, तर दिवाळीला ती घरी."

वकिलाला तीन वर्षांत एकही खुनाचा खटला मिळालेला नाही, हे इथं सांगून ठेवतो.

बापू प्रयोगशाळेवर घसरले. कादंबरीत ती शास्त्रज्ञ हाडातला मगज तपासते आणि दोन तासांत सांगते की बाई पाण्यात पडण्याआधीच मेली होती. त्यातलं शास्त्र खरं आहे. विहिरीच्या, नदीच्या पाण्यात डायटम नावाचं बारीक शेवाळ असतं, त्याचं कवच वाळूच्या जातीचं. बुडणारा माणूस पाणी ओढतो, ते फुप्फुसातून रक्तात जातं आणि हृदय चालू असेतो पार हाडाच्या मगजापर्यंत पोचतं. मेलेल्याला पाण्यात टाकलं तर ते तिथवर जाणार कसं? हाड आम्लात विरघळवलं तरी कवच राहतं, ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. मी हे जरा रंगवून सांगत होतो, तर बापूंनी हात वर केला.

"दोन तास? मी व्हिसेऱ्याच्या, म्हंजी मेलेल्याच्या पोटातल्या अवयवांच्या, बरण्या मिठाच्या पाण्यात, लाखेचं सील मारून, एसटीनं पुण्याला नेल्यात. पिशवी मांडीवर. शेजारचा इचारायचा, लोणचं काय? अन् रिपोर्ट यायला पावसाळा सरायचा."

"पण पात्रं कशी वाटली, बापू? बाया म्हणून?"

"बायांचं मला काय नवल? मीरा बोरवणकर मॅडम आमच्या साताऱ्याला एसपी हुत्या, नव्वदीच्या दशकात. पुढं मुंबईच्या क्राइम ब्रँचला गेल्या. अलीकडं सातपुते मॅडम झाल्या. सॅल्यूट ठोकताना कोण बघतंय, बाई का बापय."

आता मुख्य भांडण. पोलीस पहिल्यांदा घरात शिरतात तेव्हा सगळे कपाटं, पलंग, मोबाईल उलटेपालटे करतात. पीआय बाई मात्र स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. ओट्याच्या कोपऱ्यात रोवळीत फडक्यात बांधलेली मटकी असते. गाठ सोडते तर नखाएवढे मोड. ती विचारते, ही कुणी बांधली? सासू म्हणते, सुनेनंच. मग रात्रीत घर सोडून जायचं ठरवलेली बाई उद्याच्या उसळीची तयारी कशाला करेल? तिथून आत्महत्येची गोष्ट ढासळते.

मला ते पान फार आवडलं होतं. ना बंदूक, ना पाठलाग, एक ओलं फडकं. शुभाताईंनी तर तिथं खूण घालून ठेवली होती. "पुरुषाला हे दिसलंच नसतं," त्या म्हणाल्या. "बाईची नजर लागते."

नेमकी त्याच वेळी सुरेखा आली. गल्लीतलीच, पोलीस शिपाई. ड्यूटीवरून थेट, खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी. पुस्तक तिनं कासच्या फुलांच्या बंदोबस्तात, गाडीत बसून वाचलेलं.

"बाईची नजर म्हणजे काय हो ताई?" ती म्हणाली. "पीआय झाली तरी बाईनं स्वयंपाकघरच तपासायचं?"

शुभाताईंना हे अपेक्षित नव्हतं. "तसं नाही गं..."

"तसंच आहे. पुस्तकभर हेच. कुणी खोटं बोललं की हिला आतून कळतं. आई आहे म्हणून कळतं. अहो, तिनं वीस वर्षं पंचनामे केलेत, म्हणून कळतं असं लिहा ना. साहेबाला कळलं की अनुभव, मॅडमला कळलं की बाईपण."

गण्या म्हणाला, "फायटिंगचं काय?"

"फायटिंग राहू दे रे. मर्डरचा तपास हातात पडला हेच मोठं. भरतीत तीस टक्के जागा आहेत म्हणून आम्ही आलो, बरोबर. पण फोन कधी येतो? बाई आरोपी आणायचीय, पीडितेचा जबाब घ्यायचाय, नाहीतर मोर्चाला पुढं उभं राहायचंय." तिनं चहाचा घोट घेतला. "आणि ती मॅडम त्या विहिरीवर सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत उभी आहे. चौदा तास. एकदा तरी तिला बाथरूमला जावं लागलं का? मी बंदोबस्ताला निघते तेव्हा दुपारपर्यंत पाणी पीत नाही. हे कुठल्या पानावर आहे?"

कुणी बोललं नाही. बापू चपलेचा अंगठा नीट करत बसले. मला तिचं पटलं, पण मटकी सोडवत नव्हती. मी म्हणालो, सुगावा झकासच आहे, फक्त त्याखालचं 'बाईलाच हे दिसू शकतं' हे एक वाक्य खोडायला पाहिजे होतं. सुरेखा म्हणाली, एवढं चालेल.

वकिलानं तोंड उघडलं की मटकी हा पुरावा नव्हे, फार तर परिस्थितिजन्य... पण मागून आण्णा बोलला. तो पातेलं घासता घासता सगळं ऐकत होता.

"कवा बांधलेली म्हनला?"

"सून गेली त्या रात्री. तेरा तारखेला."

"आन् पोलीस कवा आलं?"

शुभाताईंनी पान काढलं. "सोळाला. दुपारी."

"म्हैना?"

"मे."

आण्णानं हात पंचाला पुसले. "आवं, मी रोज रात्री पाच किलो बांधतो. सकाळी सातला मिसळीत घालतो, तवाच नखाएवढं मोड असत्यात. मे म्हैन्यात दुसऱ्या सांजंला बोटभर हुत्यात. तिसऱ्या दिवशी तार सुटती, घरात उभं ऱ्हावत न्हाई. सोळाला दुपारी नखाएवढं? मग ती पंधराच्या रात्री बांधलीया."

वकिलानं शुभाताईंच्या हातून पुस्तक ओढून घेतलं आणि उभ्या उभ्याच पानं उलटायला लागला.

"आरं थांबा," बापू म्हणाले. "सासू तर म्हनती सुनेनंच बांधली. म्हंजी पंधराला सून जित्ती हुती?"