पिकअपमधील स्पीकर व अ‍ॅम्प्लिफायरबद्दलच्या अभिप्रायास दुकानाचे उत्तर

महोदय,

आपल्या इसुझू व्ही-क्रॉस पिकअपमध्ये आम्ही बसवलेल्या स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायरबद्दल आपण एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय आम्ही काळजीपूर्वक वाचला. त्याच किमतीत 5000 वॉटचा अ‍ॅम्प मिळत असताना आम्ही कमी वॉटचा अ‍ॅम्प गळ्यात मारला, नुसत्या वायरचे अवाच्या सवा पैसे लावले, काही आठवड्यांत जळालेला ट्वीटर (उंच पट्टीचा आवाज देणारा छोटा स्पीकर) वॉरंटीत बदलून दिला नाही आणि काम झाल्यापासून बॅटरी उतरू लागली, असे आपले म्हणणे आहे. इतर पिकअपमालकही हे वाचत असल्यामुळे उत्तर सविस्तर देत आहोत.

खोक्यावर छापलेल्या वॉटच्या आकड्याचा आणि अ‍ॅम्प सलग देऊ शकतो त्या शक्तीचा, म्हणजे आरएमएस वॉटचा, स्वस्त मालात सहसा काहीच संबंध नसतो. खात्री करून घ्यायची असेल तर अ‍ॅम्पच्या कडेला बसवलेला फ्यूज पाहावा. आपण ज्या 5000 वॉटच्या अ‍ॅम्पचा फोटो अभिप्रायासोबत जोडला आहे, त्यावर 30 अ‍ॅम्पिअरचा एकच फ्यूज दिसतो. इंजिन चालू असताना गाडीत 14.4 व्होल्ट मिळतात असे धरले, तरी त्या फ्यूजच्या हिशेबाने सलग 432 वॉटच आत जाऊ शकतात, आणि त्यातला काही भाग उष्णतेत जात असल्यामुळे स्पीकरपर्यंत 350 वॉट पोहोचले तरी पुष्कळ झाले. उरलेले साडेचार हजार वॉट कोठून येतात, हे खोका छापणाऱ्यालाच विचारावे लागेल. आपल्या गाडीतील अ‍ॅम्प पाच चॅनेलचा, म्हणजे पाच स्वतंत्र जोडण्यांचा असून दरवाजांच्या चार चॅनेलना प्रत्येकी 75 वॉट आणि सीटखालच्या चपट्या वूफरला (खर्जाच्या स्पीकरला) 250 वॉट आरएमएस देतो. हे आकडे शक्ती मोजण्याच्या सीटीए-2006 या मानकानुसार, म्हणजे 14.4 व्होल्टवर, 4 ओहमच्या स्पीकरवर आणि आवाजात एक टक्क्याहून अधिक विकृती न येऊ देता मोजलेले आहेत, आणि तेच आम्ही बिलावर लिहिले आहेत.

वायरचा खर्च याच हिशेबातून येतो. एकूण 550 वॉट बाहेर द्यायचे, तर कमी वीज वाया घालवणारा क्लास डी प्रकारचा अ‍ॅम्प साधारण 80 टक्के कार्यक्षम धरूनही पूर्ण जोरावर बॅटरीतून 48 अ‍ॅम्पिअरच्या आसपास प्रवाह खेचतो. बॅटरी बॉनेटखाली आणि अ‍ॅम्प मागच्या सीटखाली, म्हणजे वायर जवळजवळ पाच मीटर लागते. आपण दाखवलेली एक तृतीयांश किमतीची वायर दिसायला तितकीच जाड आहे, पण ती तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची आहे. तेवढाच प्रवाह नेण्यासाठी तिच्या छेदाचे क्षेत्रफळ शुद्ध तांब्याच्या वायरीच्या सुमारे दीडपट घ्यावे लागते, आणि अशा मालात अनेकदा आवरण फुगीर व आत तारा मोजक्या असतात. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत बसवलेला 60 अ‍ॅम्पिअरचा फ्यूजही आपण ‘अनावश्यक’ म्हटला आहे. तो अ‍ॅम्पसाठी नसून वायरीसाठी आहे. पत्र्याच्या कडेला घासून वायर सोलली आणि बॉडीला लागली, तर गाडी पेटू नये म्हणून तो असतो, आणि तो वगळून आम्ही कोणाचेही काम करत नाही.

कामाला दोन दिवस लागले हे खरे आहे. चारही दरवाजांची पॅनेल उतरवून आतल्या पत्र्याला थरथर थांबवणारी डॅम्पिंग शीट लावायची आणि कंपनीच्या वायरी न कापता कपलरने जोडणी करायची, तर एवढा वेळ लागतोच.

ट्वीटरबद्दल आपला राग आम्ही समजू शकतो. परंतु आपण जे लिहिले नाही तेही येथे सांगणे भाग आहे. अ‍ॅम्पवरील गेन हे आवाज वाढवण्याचे बटण नाही. स्टीरिओतून येणाऱ्या सिग्नलशी अ‍ॅम्प जुळवून घेण्यासाठी ते असते. 4 ओहमवर 75 वॉट म्हणजे 17.3 व्होल्ट, म्हणून स्पीकर सुटे करून, टेस्ट टोन वाजवून आणि मीटरवर तो आकडा पाहून आम्ही गेन लावला, बास बूस्ट (खर्ज वाढवणारा स्क्रू) शून्यावर ठेवला आणि दोन्ही स्क्रूंवर लाल रंगाचा ठिपका दिला. गाडी परत आली तेव्हा दोन्ही ठिपके तुटलेले होते, गेन शेवटापर्यंत फिरवलेला होता आणि बास बूस्ट 12 डेसिबलवर होता. 12 डेसिबल म्हणजे त्या पट्टीत जवळजवळ सोळापट शक्तीची मागणी. ती पुरवता न आल्यामुळे अ‍ॅम्प सिग्नलची टोके छाटू लागतो, त्या छाटण्यातून निर्माण होणारी उच्च कंप्रता थेट ट्वीटरकडे जाते आणि त्याची केसासारखी बारीक कॉइल जळते. स्क्रू कोणी फिरवले, या वादात आम्हाला पडायचे नाही. जळालेली कॉइल उत्पादकाच्या वॉरंटीत बसत नाही, एवढेच आम्ही आपल्याला तेव्हा सांगितले होते, आणि ट्वीटर खरेदीच्या दरात, मजुरी न घेता बदलून देण्याची तयारीही त्याच वेळी दाखवली होती.

बॅटरीचा मुद्दा मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. पिंपळगावच्या बाजार समितीत रांगेत थांबल्यावर इंजिन बंद ठेवून तीन-चार तास गाणी ऐकतो, असे आपणच लिहिले आहे. मध्यम आवाजातही अशी सिस्टीम 5 ते 10 अ‍ॅम्पिअर घेऊ शकते आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बंद असताना तो सगळा भार बॅटरीवरच पडतो. तरीही स्टीरिओ बंद केल्यावर अ‍ॅम्प चालूच राहतो आहे का, हे मीटर लावल्याशिवाय ठामपणे सांगता येत नाही. गाडी आणल्यास आपल्यासमोर मीटर लावून, सर्व काही बंद असतानाचा प्रवाह मोजून दाखवू. तो 50 मिलीअ‍ॅम्पिअरपेक्षा जास्त भरला आणि आमच्या जोडणीतून जात असेल, तर दुरुस्तीचा एक रुपयाही घेणार नाही.

गाडी शक्यतो सकाळी आणावी आणि मीटर लावण्यापूर्वी अर्धा तास बंद ठेवता येईल इतका वेळ हाताशी ठेवावा. ट्वीटर आम्ही मागवून ठेवला आहे.

आपला,
दुकानमालक