‘गर्दुल्ल्यांच्या काविळीवर औषध कशाला?’ : एका फिरत्या संदेशाला उत्तर

चिपळूण-रत्नागिरीकडच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. इंजेक्शनने नशा करणाऱ्यांना कावीळ व्हायचीच, ती गावठी औषधाने उतरते, सरकारने त्यांच्यावर महागड्या गोळ्या उधळू नयेत कारण ते पुन्हा सुई घेतातच, आणि नव्या सुया वाटणे म्हणजे नशेला खतपाणी घालणे, असा त्याचा सारांश आहे. पुरावा म्हणून सोबत एका तरुणाचा रक्ताचा रिपोर्ट जोडलेला आहे.

आपल्याकडे पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ झाले की जी कावीळ येते, ती बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची असते. चुन्याच्या निवळीत हात धुतले, पाणी पिवळे झाले, की कावीळ उतरली असे आपण मानतो. प्रत्यक्षात हा आजार बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरतो आणि श्रेय उतरवणाऱ्याला मिळते. सुईतून पसरणाऱ्या हिपॅटायटिस सीची गोष्ट निराळी आहे. त्यात डोळे सहसा पिवळे होतच नाहीत. लागण झालेल्या दहांपैकी साधारण सात जणांच्या शरीरात विषाणू कायमचा मुक्काम करतो आणि वीस-तीस वर्षे गुपचूप यकृत पोखरत राहतो, म्हणजे जे दिसतच नाही ते उतरवणार तरी कसे?

‘पुन्हा सुई घेतात, मग औषध वाया’ हा संदेशातला सर्वांत वजनदार वाटणारा मुद्दा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या, सात देशांत केलेल्या एका अभ्यासात हिपॅटायटिस सी झालेल्या 103 जणांना बारा आठवडे त्याच्या गोळ्या दिल्या गेल्या, आणि त्यांपैकी प्रत्येकाने त्याआधीच्या सहा महिन्यांत इंजेक्शनने नशा केलेली होती. मधूनमधून गोळ्या चुकल्या, काहींची नशा चालूच राहिली, तरी 94 टक्के लोक विषाणूमुक्त झाले. पुन्हा लागण होते हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. मात्र निरनिराळे अभ्यास एकत्र पाहिले तर नुकतीच नशा केलेल्या शंभर जणांमागे वर्षाला सुमारे सहा जणांना ती होते, आणि त्यांच्यावर पुन्हा उपचार करता येतात. मधुमेह्याने सणाला गोड खाल्ले म्हणून त्याचे औषध आपण बंद करत नाही.

‘महागड्या’ हा शब्द बहुधा अमेरिकेतून आला असावा. तिथे 2013च्या अखेरीस सोफोसबुविर हे हिपॅटायटिस सीवरचे औषध बाजारात आले तेव्हा एका गोळीची किंमत हजार डॉलर होती. भारतात जेनेरिक गोळ्या निघाल्या, आणि 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या हिपॅटायटिस नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत.

आता सुया. सुई सुटी होणाऱ्या सिरिंजचा दट्ट्या पूर्ण दाबला तरी तिच्या टोकाशी रक्ताचा थोडासा अंश उरतो, आणि येल विद्यापीठातल्या संशोधकांना 2010 साली अशा सिरिंजमध्ये हिपॅटायटिस सीचा जिवंत विषाणू 63 दिवसांपर्यंत आढळला. शिवाय सुई स्वतःची असली तरी पूड विरघळवण्याचा चमचा, पाणी आणि गाळायचा कापूस सामाईक असतो. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2017च्या कॉक्रेन आढाव्यानुसार नशेच्या जागी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाणारे औषध, उदाहरणार्थ जिभेखाली विरघळणारे ब्यूप्रेनॉर्फिन, चालू असेल तर नव्या लागणीचा धोका निम्म्यावर येतो. त्याला नव्या सुयांची भरपूर जोड मिळाली तर तो सुमारे 74 टक्क्यांनी घटतो. सुया दिल्याने नशा वाढते, याला संशोधनात आधार सापडलेला नाही. (हिपॅटायटिस बीही त्याच सुईतून जातो, पण त्याच्यावर लस आहे, सीवर नाही.)

राहिला तो रिपोर्ट. ‘बारा आठवडे गोळ्या खाऊनही पॉझिटिव्हच’ अशी त्याखाली ओळ आहे. ती तपासणी अँटिबॉडीची, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेल्या प्रथिनांची आहे, आणि बरे झाल्यावरही अँटिबॉडी रक्तात वर्षानुवर्षे, अनेकदा आयुष्यभर राहतात. आजार गेला की नाही हे औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी केलेल्या, रक्तात खुद्द विषाणू शोधणाऱ्या आरएनए तपासणीतून कळते, आणि ती तपासणी त्या कागदावर नाहीच. आहे ते त्या मुलाचे पूर्ण नाव, न खोडलेले. बाकी संदेश ठेवायचा तर ठेवा, पण एवढे पान तरी पुढे पाठवू नये.