बसलंस परत?

कोणी विचारलं नाही तरी हा प्रश्न आता माझ्या कानात वाजतो. दुपारचे अडीच वाजलेले, जेवणं उरकलेली, भांडी मोरीत, मी पडवीत खांबाला टेकलेली. आणि आलंच, "बसलंस परत?" होय, बसले. उभी राहिले तर पडेन म्हणून बसले. मला मधुमेह होऊन सात वर्षं झाली. या सात वर्षांत घरात, वाडीत, एसटीच्या थांब्यावर, दवाखान्यात, एवढी एकच गोष्ट मला कोणाला पटवता आली नाही की हा आळस नाही.

दमणं म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये. आमचं घर रस्त्यापासून खाली, जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी उतरून यावं लागतं. हापूसच्या दिवसांत भरलेल्या पेट्या डोक्यावर घेऊन मी ती पाखाडी दिवसातून आठ-दहा वेळा चढलेय. पावसात गुडघाभर चिखलात वाकून लावणी केलीय. ते दमणं रात्री पाठ टेकली की उतरायचं, सकाळी अंग पुन्हा आपलं. आताचा थकवा डोळे उघडायच्या आधीपासून असतो. हातापायांत कोणी ओली वाळू भरून ठेवल्यासारखी. विळीवर भाजी चिरायला बसले की उठायचं मनाशी ठरवावं लागतं, आणि ठरवून झालं तरी पाय ऐकत नाहीत.

"बरी तर दिसतंस!" हे दुसरं वाक्य. दिसणारच ना! पाय प्लास्टरमध्ये असता तर चार माणसं पाट घेऊन धावली असती. माझ्या रक्तात साखर भरलेली आहे आणि शरीर उपाशी आहे, हे कोणाला दिसणार? विहीर काठोकाठ भरलेली, पण रहाट मोडलेला, तसं आहे हे. इन्सुलिन कमी पडतं, नाहीतर असलेलं धड काम करत नाही, मग ती साखर पेशींच्या आत जात नाही. आत नाही गेली तर ताकद कुठून येणार? वर साखर चढली की लघवीला सारखं जावं लागतं. आमचं संडास-बाथरूम मागच्या खळ्याच्या पलीकडे. पावसाळ्यात रात्री तीन-तीन वेळा छत्री आणि बॅटरी घेऊन बाहेर जाणारी बाई सकाळी साडेपाचला ताजीतवानी उठेल, असं वाटतं तरी कसं कोणाला?

गेल्या गणपतीची गोष्ट सांगते. ती अजून गळ्याखाली उतरलेली नाही. मुंबईहून सगळे आलेले, घरात अठरा माणसं. हरतालिकेचा उपवास मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून बंद केलाय, त्यावरून आदल्या दिवशीच बोलून झालं होतं. चतुर्थीला पहाटे चारपासून चुलीपुढे. मोदकांची उकड, सारण, पाच भाज्या, वरण-भात. साखर उतरवणारी सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी सवयीने घेतली आणि त्यावर खाल्लं फक्त अर्धी आंबोळी, कारण प्रत्येकाला काहीतरी हवं होतं. भटजी चार घरं करून येणार, म्हणजे पूजा उशिरा, नैवेद्य त्याहून उशिरा. दीड वाजता हात थरथरायला लागले, कपाळावर थंड घाम, समोरची कढई धूसर. मुलीने साखर मोजायचं मशीन आणलं. 58. सत्तरच्या खाली गेली की थांबायचं नसतं, लगेच पंधरा ग्रॅम साखर पोटात जायला हवी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हे त्या नववीतल्या पोरीला माहीत आहे. तिने पाण्यात साखर ढवळून दिली, मी तिथेच जमिनीवर बसून प्यायले.

आणि माझ्या जावेने सगळ्यांसमोर म्हटलं, "शुगर असान साखर खातंस? आणि नैवेद्य दाखवूच्या आधी?" सासूबाईंनी तोंड फिरवलं. कोणी विचारलं नाही, तुला काय होतंय गो? साखर वर आली तरी अंगातलं सगळं निघून गेलं होतं, ते पूर्ण दिवसभर परत येत नाही. चार वाजता मी आतल्या खोलीत आडवी झाले तर दारातून, "आमी पण दमतों, म्हणान निजतों काय?" त्या संध्याकाळी आरतीला मी उभी राहू शकले नाही. देवासमोर भिंतीला टेकून बसले आणि लाजेने मान खाली घातली. त्या लाजेचाच मला आता सगळ्यात जास्त राग येतो. मी का लाजायचं?

घरच्यांना समजत नाही ते एक वेळ सोडते. डॉक्टरांचं काय? तालुक्याला रक्त द्यायला जायचं म्हणजे उपाशीपोटी पहिली एसटी. ती वेळेवर आली तरी रक्त घेईपर्यंत साडेनऊ. मग खायचं, दोन तास त्या बाकावर बसायचं, पुन्हा रक्त द्यायचं. रिपोर्ट घेऊन आत गेलं की दोन मिनिटं. "एचबीएवनसी 7.1. छान आहे. काही काळजी नाही." डॉक्टर, मला खूप थकवा येतो. "वय होतंय आता, चालायला जात जा." सेहेचाळीस हे काय वय झालं? दोन वर्षं, दर खेपेला मी तेच सांगितलं आणि दर खेपेला तेच उत्तर घेऊन पाखाडी उतरले. अहो, एचबीएवनसी म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी. सकाळी 60 आणि रात्री 250 असलं तरी सरासरी देखणी येऊ शकते. त्या कागदावरचा आकडा दमत नाही, मी दमते.

शेवटी रजेवरच्या डॉक्टरांच्या जागी एक तरुण बाई बसल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, "मेटफॉर्मिन किती वर्षं चालू आहे?" ही मधुमेहाची माझी दुसरी गोळी. सात. "बी-बारा जीवनसत्त्व कधी तपासलंय?" कधीच नाही. तपासलं, 148 निघालं. 200 च्या खाली म्हणजे कमी, आणि ते कमी पडलं की थकवा येतो, पायाला मुंग्या येतात. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की आतड्यातून बी-बारा नीट शोषलं जात नाही, ही काही काल लागलेली बातमी नव्हे. मग दोन वर्षं मला कोणी का नाही सांगितलं? "पण तुम्ही मासे खाता ना, मग कमी कसं?" हे मला पुढे औषधाच्या दुकानातही ऐकवलं गेलं. खाते! बांगडा, तारली, जे मिळेल ते आठवड्यातून चारदा खाते. पोटात गेलेलं रक्तात पोचलं नाही तर बांगडा काय करील? इंजेक्शनं झाली, तळपायाच्या मुंग्या कमी झाल्या, थकवा निम्म्यावर आला. म्हणजे ती दोन वर्षं माझी फुकट गेली. थायरॉइड, हिमोग्लोबिन हेही त्याच बाईंनी बघितलं. ज्यांना मधुमेह आहे आणि माझ्यासारखं होतंय त्यांनी तोंड उघडून या तपासण्या मागाव्यात, आणि गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.

उरलेला निम्मा थकवा आहेच. त्यावर वाडीतल्या प्रत्येकाकडे औषध आहे. काडेकिराईत, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, कोणीतरी रानातून आणलेली सप्तरंगीची मुळी. आणि तीच माणसं मे महिन्यात ताटात आंब्याची फोड घालतात, "एकान काय होताहा!" नाही म्हटलं तर माजलेली, खाल्ली आणि दुपारी डोळे मिटले तर, "आंबे खाता म्हणान असा होता." प्रत्येक घासाचा हिशेब डोक्यात ठेवायचा. भात किती, पेज किती, गोळी घेतली का, चुकली का, आज चालले का. हा हिशेब झोपेतसुद्धा बंद होत नाही, आणि त्याचाही शीण येतो.

आयसीएमआरची, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, पाहणी 2023 मध्ये आली, देशात दहा कोटींवर लोकांना मधुमेह आहे म्हणून. दहा कोटी! म्हणजे प्रत्येक वाडीत, प्रत्येक घराआड कोणीतरी माझ्यासारखं खांबाला टेकून बसलेलं आहे आणि त्यालाही कोणीतरी तेच विचारतंय.

यंदा गणपतीआधी मी सासूबाईंना सांगून टाकलंय. चतुर्थीला सकाळी आठला मी पोटभर खाणार आणि एक वाजला की नैवेद्य झालेला असो वा नसो, माझं ताट वाढलं जाणार. मोदक वळायला जाऊबाईंनी आणि मुलग्यांनीही बसायचं. दुपारी तासभर मी दार लोटून निजणार. त्या काही बोलल्या नाहीत, वाती वळत राहिल्या. यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. कोणाला राग आला असेल तर येऊ दे.