कन्हेरगडाचं गणित

चाळीसगावहून पाटणादेवी १८ किलोमीटर. तिथे उतरलं की कन्हेरगड असा समोर उभा दिसतो, की चहा पिता पिता जाऊन यावं. माझं या डोंगराशी भांडण इथूनच सुरू होतं. दिसतो शेजाऱ्यासारखा आणि वसुली करतो सावकारासारखी.

गंमत म्हणजे हा मुलूख भास्कराचार्यांचा मानला जातो. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला. तसा १२०७ सालचा शिलालेखच इथल्या पाटण गावात सापडला. आणि नेमकं याच ठिकाणी आपल्या लोकांची साधी बेरीज चुकते.

पहिली चूक वेळेची. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १८९२ मध्ये एक हिशेब बसवला: सपाटीवर तासाला पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला वरून एक तास. हिशेब उत्तम आहे, पण तो स्कॉटलंडचा. त्यांच्याकडे ऊन ही बातमी असते. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ पार करतो, आणि तेव्हा गडाचं नावही काढू नये. थंडीतसुद्धा दहानंतर काळा कातळ तव्यासारखा तापायला लागतो. म्हणून माझा हिशेब असा: नेस्मिथचं उत्तर दुप्पट करा, सहा-साडेसहाला चालायला लागा, आणि साडेअकराला जिथे असाल तिथून मागे फिरा. माथा दहा मिनिटांवर असला तरी. ही शेवटची अट ऐकल्यावर लोक माझ्याकडे उधारी मागायला आल्यासारखं बघतात.

वाटेत शेळ्या चारणारा भेटला तर त्याला अंतर विचारू नये. तो मनापासून अहिराणीत सांगतो, ‘हाई काय, आठेच शे!’ म्हणजे, हे काय, इथेच आहे! हे ‘आठेच’ खरंच असतं, पण त्याच्या पायांनी मोजलेलं. आपल्या पायांसाठी त्याला तीनने गुणावं. त्याने ‘जरासा दूर शे’ म्हटलं, तर मात्र सरळ बसून भाकरी सोडावी.

भाकरीवरून आठवलं. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि ठेचा हे डोंगरावरचं सर्वांत चुकीचं आणि सर्वांत अटळ जेवण आहे. मीठ आणि तिखट, दोन्ही पाणी मागतात. चढताना घाम भरपूर जातो, तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी सहज लागतं. माणशी चार लिटर धरा. चार जणांचं सोळा लिटर, म्हणजे सोळा किलो. आणि इथेच ‘मी तुझ्यातलंच पिईन’ म्हणणारा एक जण उगवतो. त्याला घरी ठेवावं. वर टाकी आहेत, पण त्यांतलं पाणी शेवाळाचं आणि माकडांचं. पिण्यासाठी त्यांच्या भरवशावर राहू नये. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही. घामातून मीठ जातं, ते परत गेलं नाही तर डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात. लिंबू-मीठ-साखरेची एक बाटली वेगळी ठेवावी. केळी सॅकमध्ये सगळ्यांत वर ठेवा. खाली ठेवली तर रावेर-यावलच्या बागांची कीर्ती सदऱ्यांना लागते.

बूट हा स्वतंत्र विषय आहे. माळ्यावर पाच वर्षं पडलेले, नव्यासारखे दिसणारे बूट आदल्या रात्री खाली काढू नयेत. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या फोमसारख्या प्लास्टिकचा तळवा वापरला नाही तरी हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो, आणि पहिल्या तासात ढोकळ्यासारखा तुकड्यातुकड्याने सुटतो. मागे येणाऱ्यांना वाट मात्र आयती सापडते. आठवडाभर आधी गावात घालून बघावेत. सॅकमध्ये सुतळी असावी.

वाटेवर मुरूम. कोरडा मुरूम म्हणजे पायाखाली पसरलेली ज्वारी. त्यावर टाच रोवून मागे रेललं की माणूस बसतोच. वजन पुढच्या पायावर ठेवून छोटी पावलं टाकावीत, रुतलेल्या दगडावर किंवा गवताच्या बुंध्याशी पाय द्यावा. सुटं गवत धरू नये. ते आपल्यासोबत यायला तयारच असतं.

इतकं सोसल्यावर कातळातली लेणी येतात: नागार्जुनाची कोठडी आणि सीतेची न्हाणी. नावात न्हाणी आहे म्हणून कुणी साबण नेऊ नये. कोठडी जैन लेणं आहे. आत पाऊल टाकलं की घामाचा सदरा पाठीला गार लागतो. भोवतालचा कातळ इतका जाड, की दिवसाचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते. ज्यांनी हे खोदलं त्यांना पाठ टेकायला जागा कशी निवडावी ते कळत होतं. इथे वीस मिनिटं बसा, जास्त नको. पाय एकदा आखडले की उठताना अख्खं गाव गोळा करावं लागतं.

इथेच एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. कड्याला आग्या मोहोळ असू शकतं. विडी, शेकोटी, अत्तर, आरडाओरडा यांपैकी काहीही नको. माश्या उठल्या तर तोंड झाकून आल्या वाटेने दूर निघायचं, हात झाडत बसायचं नाही. हे अभयारण्य आहे, बिबट्याही राहतो. पण माझ्या मते त्याच्यापेक्षा आपल्यातला सेल्फीवाला जास्त धोक्याचा. तो कड्याकडे पाठ करून उभा राहतो.

उतरताना गुडघे बोलतात आणि अंगठे रडतात. बोटं बुटाच्या टोकावर आपटतात म्हणून नखं आदल्या दिवशी कापावीत, आणि उतार सुरू होण्याआधी घोट्यापाशी नाडी घट्ट बांधावी. खाली आलं की बूट काढून नखं मोजावीत. दहाच्या दहा गुलाबी निघाली तर बूट मापाचे होते.