तिला घरी ठेवण्याचा प्रश्नच येत नाही

आज दुपारी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुट्टीतल्या थीम पार्कच्या सहलीचे बोलणे चालले होते. तारखा जवळजवळ ठरल्या होत्या, खोल्या किती घ्यायच्या यावर चर्चा रंगली होती आणि तेवढ्यात घरातल्या एका ज्येष्ठ व्यक्तीचा निरोप आला, की “तिला या वेळी आजीजवळ ठेवू या का? तिलाही दगदग नको आणि बाकीच्या मुलांनाही मोकळेपणाने खेळता येईल.” त्यावर दोघांनी लगेच अंगठेही दाखवले. ‘ती’ म्हणजे माझी नऊ वर्षांची मुलगी. तिला टाइप १ मधुमेह आहे. मोठ्यांना चारचौघांत उलट उत्तर देणे आमच्या घरात कोणालाच जमत नाही, म्हणून मी दिवसभर गप्प राहिले. पण रात्रीची सगळी कामे आटोपली तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही. त्या ग्रुपमधले बरेच जण इथेही आहेत. त्यांनी हे वाचावे, अशीच माझी इच्छा आहे.

मागच्या सहलीत काय घडले, हे त्यांच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. रोलर कोस्टरच्या रांगेत आम्ही बराच वेळ उभे होतो आणि आता पुढच्या फेरीत आपला नंबर, अशी वेळ आलेली असताना माझ्या फोनवर तिच्या अंगावरच्या, साखर मोजणाऱ्या सेन्सरचा अलार्म वाजला. साखर ६४, म्हणजे कमी होती आणि बाण सरळ खाली, म्हणजे ती झपाट्याने उतरत असल्याचे दाखवत होता. तिने तो आकडा पाहिला, फोनवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, “आई, आता आपलाच नंबर आहे. उतरल्यावर खाते ना.” तिचा तळहात घामाने ओला झाला होता, ओठ पांढरे पडले होते आणि तरीही तिची सगळी धडपड आपल्यामुळे कोणाचा खोळंबा होऊ नये यासाठी चालली होती. मी काही बोलायच्या आतच जाऊबाईंचा मुलगा, म्हणजे तिचा दादा, जो त्या एका राइडसाठी सकाळपासून जीव टाकत होता, रांगेच्या साखळीखालून बाहेर निघाला आणि तिला म्हणाला, “चल, मलाही पाणी प्यायचंय.” राइडवरच्या कर्मचाऱ्याने बजावले, की बाहेर गेलात तर पुन्हा सगळ्यात शेवटी उभे राहावे लागेल. तो म्हणाला, “चालेल.” आमच्यापैकीच कोणीतरी मागून “झालं, गेला नंबर,” असे म्हणाल्याचेही मी ऐकले आणि तिनेही ऐकले.

ही मुलगी पाच मिनिटांसाठी खेळ थांबवते म्हणून तिला सहलीतूनच वगळायचे, हा विचार घरातल्या माणसांच्या मनात येऊ तरी कसा शकतो? तिने हा आजार गोड खाऊन ओढवून घेतलेला नाही. तिच्याच शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट केल्या, यात तिचाही दोष नाही आणि कोणाच्या संगोपनाचाही नाही. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा एका १४ वर्षांच्या मुलाला दिले गेले, त्याआधी हा आजार झालेले मूल फार दिवसांचे सोबती नसायचे. शंभर वर्षांपासून ही मुले जगू शकतात, शाळेत जाऊ शकतात, डोंगर चढू शकतात. आणि आपण त्यांना रोलर कोस्टरपासून दूर ठेवण्याच्या गोष्टी करतो!

तयारी जास्त लागते, हे खरे आहे आणि ते मी नाकारत नाही. थीम पार्कमध्ये दिवसभरात आठ-दहा किलोमीटर चालणे सहज होते. चालताना स्नायू साखर वापरतात, त्यामुळे ती खाली येतेच, पण त्याचा परिणाम तेवढ्यावर थांबत नाही. सगळे दमून झोपल्यावर मध्यरात्रीही साखर लो होऊ शकते, म्हणून डॉक्टरांना आधी विचारून त्या दिवसांचे डोस बदलून घ्यावे लागतात आणि रात्री उठून आकडा पाहावा लागतो. उन्हात त्वचेचा रक्तपुरवठा वाढतो आणि टोचलेले इन्सुलिन नेहमीपेक्षा लवकर रक्तात उतरते. उलट एखाद्या थरारक राइडवर ॲड्रेनॅलिनमुळे साखर वर जाऊ शकते, त्यामुळे उतरल्या उतरल्या दिसलेला मोठा आकडा पाहून घाईने जादा इन्सुलिन देणे धोक्याचे ठरते. सेन्सर रक्तातली नव्हे तर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो आणि साखर झपाट्याने बदलत असेल तेव्हा तो काही मिनिटे मागे असतो, म्हणून चेहरा एक सांगत असेल आणि यंत्र दुसरेच, तर बोट टोचून पाहावेच लागते. त्या रांगेतही मी आधी तिचा चेहरा पाहिला होता.

इन्सुलिनचे तर पथ्यच वेगळे. इन्सुलिन टोचायचे न उघडलेले पेन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते, वापरात असलेले साधारण खोलीच्या तापमानाला काही आठवडे टिकते, पण उन्हात तापलेल्या गाडीत ते खराब होते आणि बर्फाला थेट टेकून गोठले तरीही निकामी होते. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ते ठेवायचे नसते. आम्ही पाण्यात भिजवून वापरायची थंड राहणारी पिशवी नेतो, सुया, साखर तपासायच्या पट्ट्या आणि पेन दुपटीने घेतो आणि ते दोन वेगवेगळ्या बॅगांत विभागतो, जेणेकरून एक बॅग हरवली तरी दिवस निभावेल. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ न देणाऱ्या दारावर दाखवण्यासाठी डॉक्टरांचे पत्र लागते. शिवाय बऱ्याच मोठ्या राइडवर बॅग लॉकरमध्ये ठेवायला लावतात, म्हणजे नेमके हवे तेव्हा ग्लुकोज दूर राहते. त्यासाठी तिच्या पँटला चेनचा खिसा असावा लागतो आणि त्यात ग्लुकोजच्या गोळ्या असाव्या लागतात. चॉकलेट या वेळी उपयोगाचे नाही, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उतरायला उशीर होतो. अंगावर इन्सुलिनचा पंप वापरणाऱ्या मुलांना तर जोरदार चुंबक असलेल्या राइडवर जाताना तो काढून ठेवण्याचाही विचार करावा लागतो.

एवढे सगळे मी करते, तिचे बाबा करतात आणि आम्हाला त्याचे ओझे वाटत नाही. बाकीच्यांकडून मला फक्त एवढेच हवे आहे, की तिच्यासाठी थांबण्याची वेळ आली तर कोणी सुस्कारा सोडू नये. साखर ७० च्या खाली गेली, की साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे, हा साधा नियम आहे. त्या दिवशी रांगेबाहेरच्या कठड्यावर बसून ती ग्लुकोजचे पाणी प्यायली, तिचा दादा शेजारी घड्याळ हातात धरून बसला आणि पंधराव्या मिनिटाला त्यानेच तिचे बोट पुढे केले. ८८. मग ते दोघे पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

रांगेच्या शेवटी का उभे राहावे लागावे, हाही माझा प्रश्न आहे. आमचे पाचजण पुढे उभे असताना एका मुलीला औषधापुरते बाहेर जाऊन आपल्या माणसांजवळ परत येऊ दिले असते, तर कोणाचे काय बिघडले असते? सवलतींचा गैरवापर होतो, हे मला ठाऊक आहे. अमेरिकेतल्या डिस्नेच्या उद्यानांना त्याच कारणाने २०१३ मध्ये अपंगांना रांगेत सवलत देण्याची आपली जुनी पद्धत बदलावी लागली आणि २०२४ पासून तिथली अपंगत्वाची सवलत प्रामुख्याने ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणी असलेल्यांसाठी ठेवली आहे. मला तशी सवलत नकोच आहे. माझी मुलगी सगळ्यांइतकीच रांगेत उभी राहील. तिची उभी राहिलेली वेळ तेवढी पुसून टाकू नये.

हे लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे, म्हणून ज्यांनी तो निरोप पाठवला त्यांच्याविषयीही लिहिते. आजाराचे निदान झाले त्या आठवड्यात तिला रुग्णालयात सलाइन लावलेले असताना रात्ररात्र बाकावर बसून राहिलेल्या त्याच होत्या. तिला इंजेक्शन देताना त्यांना अजूनही पाहवत नाही, त्या खोलीबाहेर जातात. त्यांच्या निरोपात भीती होती आणि तिच्याविषयीची माया होती, हे मला नीट कळते. इतर मुलांचाही दिवस आहे, हेही मान्य. पण मायेपोटी घरी ठेवलेले मूलही घरी ठेवलेलेच असते, आणि आपल्याला का ठेवले हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. “झालं, गेला नंबर,” हे शब्द तिने त्या रात्री झोपताना मला पुन्हा म्हणून दाखवले होते. मोकळेपणाने खेळायला तिच्या दादाला ती बरोबर नको होती का, ते एकदा त्यालाच विचारा.

तेव्हा ग्रुपवर जे लिहायचे ते इथेच स्पष्ट लिहिते. ती येणार आहे. दुपारच्या कडक उन्हाचे दोन तास आपण सगळेच सावलीत काढू, जेवणाची वेळ कोणत्याही राइडसाठी पुढे ढकलणार नाही आणि अलार्म वाजला तर तिच्याबरोबर रांगेतून कोण बाहेर येणार, हे प्रत्येक वेळी उभे राहण्याआधी ठरवू. तिचे ग्लुकोज कुठे असते आणि बेशुद्ध पडली तर साखर वाढवणारे ग्लुकॅगॉन हे औषध कसे द्यायचे, तोंडात काहीही घालायचे नाही, हे सर्व मोठ्या माणसांनी निघण्याआधी शिकून घ्यायचे आहे. मी स्वतः घरी येऊन दाखवीन. पार्कच्या व्यवस्थापनाला रांगेबद्दल विचारणारे पत्र मी आज रात्रीच पाठवते आहे. ज्यांना हे मान्य असेल त्यांनी रविवारपर्यंत मला कळवावे, तिकिटे मी त्यानंतर काढीन.